हसत बोल, सगळे बघतायत

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फोटो लावलेला आहे. मागे गुडघाभर बर्फ, त्या बर्फात गवताच्या उंच, उतरत्या छपरांची घरं, आणि पुढे मी आणि माझा नवरा, दोघंही दात दाखवून हसतोय. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे थांबतो. "काय गोड दिसताय हो! कुठलं हे, स्वित्झर्लंड?" मग नवरा कौतुकाने सांगतो, "छे छे, जपान. कंपनीची ट्रिप होती. काय मजा केली होती आम्ही!" आणि मी चहा टाकायला आत जाते.

त्या फोटोत हसत हसत मी त्याला काय म्हणत होते, ते पाहुण्यांना ऐकू येत नाही हे नशीब.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. पुण्यातल्या दर सोसायटीतला एक तरी मुलगा तेव्हा जपानला होता. आमचं लग्न नुकतंच झालं होतं आणि नवऱ्याला नागोयाचं काम मिळालं. मोटारी बनवणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचं. मी आर्किटेक्ट. बरी चाललेली नोकरी सोडून मी त्याच्याबरोबर निघाले. त्याने विमानतळावर जायच्या टॅक्सीत माझा हात धरून सांगितलं होतं, "दोन वर्षं मला दे. मग तुझं. तू म्हणशील तिथे राहू." टॅक्सीवाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं होतं, इतकं ते गोड होतं.

ऑफिसात त्याला जपानी लागायचं नाही. भारतीय टीम, इंग्रजी मेल, मध्ये एक दुभाषा. मला मात्र पहिल्याच आठवड्यात लागलं. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे कळेना, आणि आम्ही ठेवलेली पिशवी शेजारच्या आजींनी चिठ्ठी चिकटवून दारात परत आणून ठेवली. त्या अपमानातून मी भाषा शिकले. वॉर्ड ऑफिसात निवृत्त बायका फुकट वर्ग घ्यायच्या, तिथे जायला लागले. मग बेन्तोच्या दुकानात अर्धवेळ जेवणाचे डबे भरले आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून जीभ वळवली. तिसऱ्या वर्षापर्यंत अशी परिस्थिती झाली की बँकेत, डॉक्टरकडे, घरमालकापुढे मी पुढे आणि नवरा मागे. समोरचा माणूस बोलला की मागून प्रश्न यायचा, "काय म्हणतायत?"

हा प्रश्न तो दिवसभरात इतक्यांदा विचारायचा की मला त्याची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर थोडा गर्वही. पगार त्याचा, व्हिसा त्याचा, घर त्याच्या कंपनीचं. कान तेवढे माझे होते.

याच भाषेने मला काम मिळवून दिलं. वर्गातल्या एका शिक्षिकेचे भाऊ जुनी लाकडी घरं दुरुस्त करणारे आर्किटेक्ट होते. चार माणसांचं छोटंसं ऑफिस. मी शनिवारी तिथे जाऊन बसायला लागले, शिकाऊ म्हणून. एकही खिळा न मारता दोन तुळया एकमेकींत कशा अडकवतात, त्याची ड्रॉइंग्ज काढायला लागले. पुण्यात मी बिल्डरच्या टू-बीएचकेचे प्लॅन काढून काढून वैतागले होते. इथे एका सांध्यावर अख्खा दिवस घालवला तरी कोणी घड्याळ बघत नव्हतं. डिसेंबरात ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, एप्रिलपासून पूर्णवेळ या, व्हिसाचं आम्ही बघतो. मी धावत घरी आले. नवरा म्हणाला, "अरे वा! पार्टी पाहिजे." आम्ही बाहेर जाऊन पिझ्झा खाल्ला. तो "अरे वा" म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, हे मी नंतर खूपदा आठवून बघितलं. चेहरा छानच होता. संशय घ्यावा असं त्यात काहीही नव्हतं.

आणि मग फेब्रुवारीत ती ट्रिप आली. नवऱ्याच्या विभागाची सहकुटुंब, एका दिवसाची. सकाळी नागोयाहून बसने निघायचं, प्रांताची हद्द ओलांडून गिफूच्या डोंगरात शिरायचं, आधी ताकायामा नावाचं जुनं गाव, मग बर्फातलं शिराकावा खेडं, आणि रात्रीच्या आत परत. लग्नाच्या वेळी नवऱ्याने मला युरोपचं आमिष दाखवलं होतं. बसने एका देशातून दुसऱ्या देशात, वाटेत दगडी रस्त्यांची जुनी गावं, तू घरं बघ, मी तुला बघतो, वगैरे. ते राहिलंच. म्हणून तो म्हणाला, "समज हाच आपला युरोप. पासपोर्टसुद्धा लागत नाही."

आईने पुण्याहून तिळाचे लाडू पाठवले होते. रथसप्तमी अजून व्हायची होती, म्हणजे तिळगूळ चालत होता. मी प्रत्येकी दोन लाडू रंगीत कागदात बांधून बसमध्ये वाटले, आणि 'तिळगूळ घ्या, गोड बोला' हे जपानीत समजावून सांगितलं. बायका "ओऽऽ" करून मान डोलवत होत्या.

आणि खरंच त्या दिवशी सगळे फार गोड बोलत होते. विभागाच्या साहेबांना बुचो म्हणतात. त्यांच्या पत्नीला आम्ही घरात बुचोबाई म्हणायचो. या बुचोबाईंनी खिडकीजवळची आपली जागा मला दिली, माझ्या गुडघ्यांवर स्वतःची शाल घातली. कोणी हात शेकायच्या गरम पुड्या दिल्या, कोणी सोललेली संत्री. ऑफिसातल्या एक बाई आमची व्हिसाची, घराची, दवाखान्याची सगळी कामं बघायच्या. घरात त्यांचं नाव व्हिसावाल्या बाई. त्यांनी तर माझा हात दोन्ही हातांत घेतला. इतकी वर्षं या बायका मला लांबून वाकून नमस्कार करत आल्या होत्या. जपानी माणूस उगीच कोणाच्या हाताला हात लावत नाही. मी भाबडी, मला वाटलं आईच्या लाडवांचा गुण आहे.

किसो नदीचा पूल आला तेव्हा बसच्या गाईडने माइकवर काहीतरी सांगितलं. मागून आवाज आला, "काय म्हणतेय?"

"आपण हद्द ओलांडली म्हणतेय. इथून पुढे गिफू."

"झाला आपला युरोप," नवरा म्हणाला आणि लाडू खायला लागला.

ताकायामाच्या जुन्या गल्लीत मी अक्षरशः हरखले होते. काळपट लाकडाच्या जाळ्यांची घरं, साकेच्या, म्हणजे भाताच्या दारूच्या, दुकानांपुढे टांगलेले देवदाराच्या पानांचे गोळे, वर तुळयांचं जाळं. मी बुचोबाईंना एकेक सांधा दाखवत होते, हा असा बसवतात, हा असा. त्या ऐकत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडेच. मध्येच म्हणाल्या, "तुम्हाला इथे फार एकटं वाटलं असेल, नाही?"

"नाही हो, अजिबात नाही."

त्यांनी हळूच मान हलवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढे आणखी दोघींनी तेच विचारलं. दोघींनाही मी तेच सांगितलं आणि दोघींनीही तशीच दयेने मान हलवली. गंमत अशी की त्या देशात 'नाही' म्हणणं हा शिष्टाचार आहे. पाय दुखतात का विचारलं तर मोडला असला तरी नाही म्हणायचं. मी जितकं ठासून नाही म्हणत होते, तितकं त्यांना हो ऐकू येत होतं.

जेवणाला आम्ही एका मोठ्या हॉलमध्ये चटयांवर ओळीने बसलो. बाकीच्यांपुढे छोट्या शेगड्यांवर मांस चुरचुरत होतं, आमच्यापुढे माझा पोळीभाजीचा डबा आणि त्यांनी मुद्दाम करवून घेतलेला मशरूमचा भात. बुचो पेला घेऊन उभे राहिले. सगळे गप्प झाले. आधी हवा, मग बर्फ, मग ड्रायव्हरचे आभार. आणि मग ते आमच्याकडे वळून वाकले.

ते जे बोलले ते मी शब्दन् शब्द समजले. वॉर्ड ऑफिसातल्या बायकांनी मला फार चांगलं शिकवलं होतं.

"काय म्हणतायत?" नवरा माझ्या कानाशी. तोंडात घास होता. "आपल्याकडे का बघतायत सगळे?"

मी नेहमीच्या आवाजात भाषांतर केलं. "म्हणतायत, तू मार्चअखेर पुण्याला परत चाललायस. कायमचा. कंपनी तुला आणखी तीन वर्षं ठेवायला तयार होती, पण तू स्वतः अर्ज केलास. कारण तुझ्या बायकोला इथे करमत नाही. तिला आईची फार आठवण येते, रात्री रडते. म्हणतायत, बायकोसाठी एवढं करणारा नवरा आपण आपल्या ऑफिसात पहिल्यांदा पाहिला. आपण सगळ्यांनी त्याच्याकडून शिकावं."

त्याचा घास तिथल्या तिथे राहिला. टाळ्या वाजल्या. दोन तरुण इंजिनियर तर डोळे पुसत होते. उठून वाकणं भाग होतं, तसा तो वाकला, मीही वाकले. वाकलेली असताना मला चटईच्या कडेची हिरवी पट्टी दिसत होती आणि एवढंच कळत होतं की सरळ उभं राहायचंय आणि चेहरा नीट ठेवायचाय.

केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवला होता. अर्थ त्या हॉलमध्ये कळला. त्याने मला परत न्यायचं ठरवलं, हे एक. पण त्यासाठी तो माझीच फिर्याद घेऊन गेला होता, आणि मी कधीच न रडलेलं रडणं त्याने त्या भरल्या ऑफिसात वाटलं होतं, मी लाडू वाटले तसं.

शिराकावाला पोचेपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. खाली उतरल्यावर सगळे कॅमेरे काढून पांगले आणि आम्ही दोघं एका वाटेवर मागे राहिलो. जगात मला सगळ्यात जास्त जी घरं बघायची होती ती माझ्या दोन्ही बाजूंना उभी होती.

"अगं, मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"तिकिटं हातात आली की. आधी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस."

"आणि माझं काम? एप्रिल?"

"पुण्यात काय कमी कामं आहेत? आई एकटी पडलीय. मला तिकडे मॅनेजर करतायत. फ्लॅटचा ताबा मिळतोय. सगळं जुळून आलंय गं."

"मग हे सांगायचं होतंस ना तुझ्या साहेबांना! मॅनेजर व्हायचंय म्हणून जातोय म्हणायचं. माझं नाव कशाला घातलंस?"

"असं तोंडावर सांगत नाहीत इथे. बायकोचं कारण दिलं की कोणाला वाईट वाटत नाही." मग त्याची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि त्याने ओठ ताणले. "हसत बोल. सगळे बघतायत."

खरंच बघत होते. थोड्या अंतरावर बुचोबाई आणि व्हिसावाल्या बाई आमच्याकडे कौतुकाने बघत उभ्या होत्या. मराठी त्यांना कुठे कळत होतं! त्यांच्या लेखी एक नवरा आपल्या बायकोला बर्फातली घरं दाखवत होता.

म्हणून मी हसले. हसत हसत म्हणाले, "तू अत्यंत खोटारडा माणूस आहेस. दोन वर्षं मागितलीस, मी तीन दिली. तुझ्या आईशी फोनवर मी रोज बोलायचे, तू नाही. आणि तिला एकटं वाटतं हे तुला आत्ता, मॅनेजर व्हायच्या वेळी आठवलं?"

"अगं पण पुण्याला गेलो की आपण खरंच युरोपला जाऊ. प्रॉमिस. बसची टूर," तोही हसतच म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुझा युरोप," मी म्हणाले, आणि नेमक्या त्याच क्षणी बुचोंनी समोर येऊन कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

तोच हा फोटो. बुचोंनी फ्रेम करून निरोपाची भेट म्हणून दिला.

परतीच्या वाटेवर अंधारून आलं होतं. जाणाऱ्या माणसाने दोन शब्द बोलायचे अशी तिथली रीत, तर गाईडने माइक नवऱ्याच्या हातात दिला. तो इंग्रजीत बोलणार, मी जपानीत सांगणार. आम्ही दोघं बसच्या पुढच्या भागात दांडा धरून उभे राहिलो.

तो म्हणाला, या वर्षांत मी फार शिकलो. मी सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही आम्हाला घरच्यासारखं सांभाळलंत. मी सांगितलं, आणि ते खरंही होतं. तो म्हणाला, माझी बायकोही तुम्हा सर्वांची आभारी आहे. मी तेही सांगितलं. मग त्याने माइक खाली केला, पण मी तो त्याच्या हातातून घेतला.

"आता मी स्वतःचं बोलते," मी जपानीत म्हणाले. "साहेबांना चुकीची माहिती मिळाली आहे. मला इथे एकटं वाटत नाही. मी रात्री रडत नाही. मला एप्रिलपासून नागोयात आर्किटेक्टचं काम मिळालंय आणि मी ते करणार आहे. हे परत जात आहेत. मी राहणार आहे."

बसमध्ये कोणी हललंसुद्धा नाही. बुचो आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले. टाळ्या नाहीत म्हणताना नवरा गोंधळला, इकडे तिकडे बघत कुजबुजला, "काय सांगितलंस? काय म्हणतायत?"

"अजून कोणी काही म्हणत नाहीये," मी म्हणाले आणि जागेवर येऊन बसले. मनातून मी मोकळी झाले होते. निदान खोटं तरी खोडलं होतं. त्या पाच मिनिटांत मी अख्खं पुढचं आयुष्य लावून टाकलं. एक खोली बघायची, शनिवारी ऑफिसात जाऊन व्हिसाचं आधी विचारायचं, आईला मी फोन करीन, ती समजून घेईल. नवरा शेजारी येऊन बसला होता, त्याला काय सांगायचं ते मी घरी जाऊन ठरवणार होते.

तेवढ्यात व्हिसावाल्या बाई बसच्या मधल्या वाटेतून वाकत वाकत आल्या आणि माझ्या सीटजवळ गुडघ्यांवर बसल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी कपाळ जवळजवळ माझ्या हातावर टेकवलं.

"मला माफ करा," त्या म्हणाल्या. "मला कल्पना नव्हती. परवाच मी तुमच्या त्या आर्किटेक्टांकडे जाऊन आले. तुमच्या मिस्टरांनी विनंती केली होती. म्हणाले, तिला स्वतः नाही म्हणायला फार जड जाईल, तुम्ही तिच्या वतीने सांगा. मी मिठाई घेऊन गेले, तुमच्या नावाने माफी मागितली. त्यांना फार वाईट वाटलं, पण म्हणाले, आईची ओढ असेल तर काय बोलणार. आणि माझ्यासमोरच त्यांनी दुसऱ्या मुलीला फोन करून एप्रिलला यायला सांगितलं."

तिथे दिलेला शब्द कोणी फिरवत नाही, ना त्या आर्किटेक्टांनी त्या मुलीला दिलेला, ना माझ्या नावाने माझ्याऐवजी दिला गेलेला. बाई परत परत वाकत होत्या आणि शेवटी मीच त्यांना, नाही नाही, तुमची काही चूक नाही, असं शिष्टाचाराने म्हणत होते.

त्या उठून गेल्या. बस किसो नदीच्या पुलावर आली. मी वाट बघत होते. सकाळपासून, गाईड असो की बुचो असोत, बसमध्ये कोणी नुसतं तोंड उघडलं तरी माझ्या कानाशी तो प्रश्न येत होता. आता एक बाई माझ्यापुढे गुडघे टेकून एवढं सगळं बोलून गेली होती, त्याच्या कोपरापासून हातभर अंतरावर.

नवरा खिडकीबाहेर बघत होता. ती काय म्हणाली, हे त्याने विचारलं नाही.